पणजोबांचे बिल्ले : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अपशिंगे मिलिटरीच्या स्मारकाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. साताऱ्याजवळच्या या एका गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांची ती आठवण. त्यानंतर जी पत्रं आली त्यांत स्मारकाबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. ज्याला त्याला आपल्या घरातल्या बिल्ल्यांची पडलीय. बरंच झालं. माझी नोकरी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून गेली, त्यामुळे लढाईच्या गोष्टींपेक्षा लाँग रोल (भरती झालेल्यांची यादी, माणशी एक ओळ), शीट रोल (एकेका माणसाच्या नोकरीचा कागद) आणि पार्ट टू ऑर्डर (त्याच्या नोकरीतल्या बदलांच्या नोंदी) यांतलंच मला जास्त कळतं. उत्तरं त्याच अंगाने देतो. सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केले आहेत.

पणजोबांचे तीन बिल्ले ट्रंकेत सापडले. एक ताऱ्यासारखा, एक चांदीचा, एक पिवळसर आणि इंद्रधनुष्यासारख्या फितीचा. ‘बसऱ्याच्या लढाईला गेले होते’ एवढंच घरात सांगतात. इंटरनेटवर त्यांचं नाव टाकून पाहिलं, काही आलं नाही. पुढे काय करू?
— एक शिक्षिका, वाळवा तालुका

ताई, नाव सगळ्यात शेवटी शोधायचं. आधी नंबर, मग पलटण, मग गाव. नाव नंतर. त्या काळी शिपायाचं नाव लिहिताना वडिलांचं नाव घालत नसत. ‘रामा शिंदे’, ‘गणू पवार’ एवढंच. एकेका पलटणीत असे रामा शिंदे ढिगाने. त्यात साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग.

चांदीचं आहे ते ब्रिटिश वॉर मेडल आणि पिवळसर ते व्हिक्टरी मेडल. दोन्ही आडवी धरून कड बघा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण या क्रमाने एक ओळ ठोकलेली असते. ताऱ्याला कड नसते, त्याच्या पाठीवर तेच असतं. अक्षरं झिजली असली तर खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी तिरपी मारा, सावलीने अक्षर उठतं. नाहीतर बटर पेपर ठेवून वरून पेन्सिल हलकी फिरवा. घड्याळजीकडचं भिंग मिळालं तर उत्तमच.

नंबर मिळाला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. त्या काळी नंबर पलटणीपुरता असे. 2145 नंबरचा शिपाई 110 मराठात असेल आणि त्याच नंबरचा दुसरा 117 मराठातही असेल. नंबर आणि पलटण ही जोडी एकत्र असली तरच माणूस पक्का होतो.

आता तिसरा बिल्ला. त्यावर 1914-15 असेल. तो असला म्हणजे तुमचे पणजोबा 1915 संपायच्या आत रणांगणावर पोचले होते. ज्यांच्या घरी तारा नाही, फक्त दोन गोल मेडलं आहेत, त्यांचे आजे-पणजे बहुतेक 1916 किंवा त्यानंतर गेलेले. तारा हरवला, विकला, मुलांनी खेळताना विहिरीत टाकला हेही होतं, पण आधी हिशोब असा मांडायचा. ‘बसरा’ आणि तारा एकत्र आले की माझी नजर पहिल्यांदा सहाव्या पूना डिव्हिजनकडे जाते. ती नोव्हेंबर 1914 मध्ये बसऱ्याकडे, म्हणजे आजच्या इराकात, उतरली. तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या, आणि तिन्ही पुढे तिथल्याच कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, असे जवळजवळ पाच महिने. शेवटी जनरल टाऊनशेंडने शरणागती पत्करली आणि उरलेसुरले तुर्कांचे कैदी झाले. कडेवर यांतली पलटण निघाली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचारा : ‘पणजोबा कैदेत होते असं कधी ऐकलं होतं का?’ उपासमार, घोड्याचं मांस, वाळवंटातली पायपीट असलं काही निघालं तर धागा लागला म्हणायचं.

तुम्ही इंटरनेटवर जिथं शोधलंत ती बहुधा लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजची मेडल कार्डं असणार. ती मुख्यतः ब्रिटिश सैन्यासाठी केलेली. आपल्या शिपायांची त्यांत थोडीच. तिथे कार्ड नाही याचा अर्थ माणूस लढाईला गेला नाही असा होत नाही, हे कृपा करून भाऊबंदांनाही सांगा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी दुसरी एक लिंक आहे, लाहोर म्युझियमच्या रजिस्टरांची. सव्वातीन लाखांच्या आसपास शिपायांची नावं, 2021 पासून लोकांना पाहता येतात. काम मोठं आहे, पण ते सगळं पंजाबचं. वाळव्याचा माणूस तिथे सापडायचा नाही.

पणजोबा परत आले म्हणून तुम्हाला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी निरुपयोगी वाटेल, कारण तिथे फक्त मृतांची नोंद. पण मी ती उलट्या बाजूने वापरतो. मृत शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका अमुक’ असं असतं. आपलं गाव टाकायचं आणि आपल्या गावचे मेलेले कोणत्या पलटणीतले होते ते पाहायचं. भरती एकट्यादुकट्याची होत नसे. चुलता गेला की पुतण्या त्याच पलटणीत, मेहुणा त्याच्यामागे. कड पार गुळगुळीत झाली असली तरी या वाटेने पलटणीचा अंदाज बांधता येतो.

मात्र तिथे जिल्हा ‘सांगली’ टाकलात तर हाती शून्य येणार. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळे तेव्हा सातारा जिल्ह्यात. 1949 साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मिरज, जत, खुद्द सांगली ही तर संस्थानं. म्हणून वाळव्यासाठी ‘सातारा’ टाका, आणि तालुक्याच्या इंग्रजी नावाला व्ही, डब्ल्यू दोन्ही लावून बघा. ‘मराठा’ हा शब्दसुद्धा त्या कागदांत मधे एक जादा एच आणि दोन टी घालून लिहिलेला असतो.

पलटण कळली की तिच्या वॉर डायऱ्या लंडनलाच, डब्ल्यूओ 95 या मालिकेत आहेत. रोजची कूच, मुक्काम, पाऊस, गोळीबार सगळं त्यात मिळेल. पणजोबांचं नाव मिळेल या आशेने मात्र वाचू नका. साहेब जखमी झाला तर त्याचं नाव लिहिलं जाई, शिपाई जखमी झाले की आकडा. बसऱ्याच्या स्मारकाचंही तसंच. 40 हजारांवर मृतांसाठी ते उभारलं, पण भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आली आणि आपल्या शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली नुसती संख्या. कमिशनने स्वतःच 2021 च्या अहवालात ही असमान वागणूक मान्य केली. शंभर वर्षं लागली त्याला.

आमच्या आजोबांना अख्खं गाव ‘मेजर’ म्हणायचं. पण मेजर म्हणून कुठेच नोंद मिळत नाही.
— खटाव तालुका

आणि मिळणारही नाही. आपल्याकडे फौजेतून सुट्टीवर आलेल्या पोरालाही पारावरची माणसं ‘काय मेजर, कधी आला?’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात आपला शिपाई चढत चढत गेला तर नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि फार तर सुभेदार मेजर व्हायचा. हवालदार मेजर ही एक नेमणूकही असे, तिचाच हा ‘मेजर’ असू शकतो. नोंदी शोधताना हवालदारापासून सुरुवात करा. जमादार वाचून नाक मुरडू नका. तो आजचा नायब सुभेदार, मानाचा हुद्दा.

घरात ब्राँझची एक जड थाळी आहे. तिच्यावर एक बाई आणि सिंह कोरलाय, आणि चौकोनात आमच्या खापरपणजोबांचं नाव. सासूबाई म्हणतात शौर्यासाठी मिळाली. खरं का?
— दहिवडी, ता. माण

वहिनी, ती बाई ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात जो जो मेला त्याच्या घरी ही थाळी पाठवायची असं ब्रिटिश सरकारने ठरवलं होतं. व्यास साधारण बारा सेंटिमीटर, कडेने ‘स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. शौर्याचा प्रश्न तिथे येत नाही. गोळी लागून गेलेला, कॉलऱ्याने गेलेला, दोघांच्या घरी तीच थाळी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, रोगराईने फार माणसं गेली. सासूबाईंना एकदम खोडून काढू नका, पण मनात हे धरून ठेवा.

या थाळीवर मुद्दामच हुद्दा घातलेला नाही, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. नंबरही नाही. विचार चांगला, पण शोधणाऱ्याची पंचाईत करणारा. म्हणून तुमच्यासाठी पहिली जागा वॉर ग्रेव्हजचीच. त्यांची पहिल्या युद्धाची यादी 31 ऑगस्ट 1921 पर्यंत चालते, तेव्हा ‘युद्ध तर 1918 ला संपलं’ म्हणून 1919-20 चे मृत्यू वगळू नका.

दुसरी जागा तुमच्या तहसील कचेरीत आहे. जातीच्या दाखल्यासाठी लोक कोतवाल बुकाचे उतारे काढतात ना, तेच. शिपाई परदेशात वारला तरी गावच्या मृत्यूच्या नोंदीत त्याचं नाव चढलं असेलच असं नाही. पण त्याच्या मुलांचे जन्म तिथे सापडतात आणि त्यात बापाचं आणि आज्याचं नाव येतं. वॉर ग्रेव्हजच्या नोंदीतलं ‘अमक्याचा मुलगा’ याच्याशी ते जुळलं की तुमचा माणूस सापडला. बुक मोडीत असेल. वाचणारी माणसं साताऱ्यात आहेत. अक्षरामागे पैसे मागणाऱ्याला टाळा.

आजोबांच्या मेडलवर 1947 आणि इंडियन इंडिपेन्डन्स असं लिहिलंय, फीत तिरंगी. म्हणजे ते स्वातंत्र्यसैनिक होते ना? आमच्या भावकीत यावरून वाद आहे.
— कुंडल परिसर

वाद मिटवतो, पण कुणाला आवडेल असं वाटत नाही. हे मेडल 15 ऑगस्ट 1947 रोजी जे फौजेत नोकरीला होते त्यांचं. स्वातंत्र्यसैनिकांना सरकारने 1972 मध्ये ताम्रपट दिले, त्यांच्या पेन्शनची फाईल वेगळी. तुमच्या भागात 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं, एकाच घरातला थोरला फौजेत आणि धाकटा भूमिगत अशी उदाहरणं आजही लोक सांगतात. त्यामुळे आजोबा एका बाजूला होते म्हणून दुसरी बाजू खोटी ठरत नाही. पण ती या मेडलने सिद्ध होणार नाही. मेडलची कड बघा, नंबर घ्या, आणि 1947 नंतर ते काश्मीरला होते का ते शोधा. त्यासाठी जनरल सर्व्हिस मेडल 1947 आणि त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी असते. ते मेडल घरात असेल तर भावकीला दाखवायला तेच जास्त भारी आहे.

आजोबांचे पाच बिल्ले आहेत, कागद एकही नाही. ताऱ्यांवर आफ्रिका आणि इटली असं वाचता येतं. आजोबा काही बोलत नसत. ते नेमके कुठे होते?
— कराड

दुसऱ्या महायुद्धाबाबत आपलं नशीब एका बाबतीत थोर आहे. ब्रिटिश शिपायांना हे तारे कोरे मिळाले, नाव नाही, काही नाही. हिंदी सैन्यातल्या माणसांना मात्र नंबर-नावानिशी. ताऱ्याच्या पाठीवर बघा.

पलटणीचा अंदाज ताऱ्यांवरूनही येतो. आफ्रिका स्टारची मुदत जून 1940 ते मे 1943, इटलीची जून 1943 ते मे 1945. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले असतील तर ही जोडी पाहून मी आधी पहिली आणि तिसरी बटालियन तपासेन. तिसरी 1941 च्या मार्चमध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढली आणि पुढे इटलीत गेली. इटलीतच मराठ्यांना दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले : 10 जुलै 1944 रोजी तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, आणि 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव. घाडगे तिथेच पडले. दुसरी बटालियनही केरेनला होती, पण जून 1942 मध्ये तोब्रुकला तिचे लोक कैद झाले. तेव्हा आफ्रिका स्टार आहे, इटली नाही आणि आजोबा ‘जर्मनच्या कैदेत’ होते असं घरी सांगतात, तर दुसरी. बर्मा स्टार असता तर चौथीचा विचार केला असता. ती 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांसमोर होती.

जुन्या आणि नव्या नंबरांची सांगड घालताना लोक गोंधळतात. 1922 च्या फेररचनेत 103 ची पहिली बटालियन झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी; 114 ट्रेनिंगची दहावी झाली. घरात कुणी ‘जंगी पलटण’ म्हणत असेल तर ती पहिली आणि ‘काली पांचवी’ म्हणत असेल तर नावाला फसू नका, ती दुसरी.

यानंतर बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. एका पानाचा. नंबर, हुद्दा, नाव, बटालियन, गाव-तालुका तेव्हाच्या जिल्ह्यासकट, अंदाजे भरतीचं आणि फौजेतून सुटल्याचं साल, तुमचं नातं. सोबत बिल्ल्यांचे पुढून, मागून आणि कडेने फोटो. आजोबांना पेन्शन होती का हे ठळक लिहा. पेन्शन न बसलेल्या माणसाची कागदपत्रं साधारण 25 वर्षांनी नष्ट करायचा नियमच आहे, आणि युद्ध संपल्यावर घरी पाठवलेले पुष्कळ त्यात मोडतात. तशा वेळी शीट रोल मागून उपयोग नाही. अर्जात स्पष्ट लिहा की लाँग रोलमधली ओळ पाहावी. क्लार्कला काय हवंय ते नेमकं कळलं की तोही मनापासून बघतो. पहिल्याच पत्राला माहिती अधिकाराचा अर्ज जोडणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

पाच बिल्ल्यांत एखादं शौर्याचं निघालं, मिलिटरी मेडल किंवा आय.डी.एस.एम. (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल), तर पलटणीने केलेली शिफारस लंडनच्या डब्ल्यूओ 373 मालिकेत मिळण्याची शक्यता आहे. आजोबा बोलले नाहीत ते त्या अर्ध्या पानात असू शकतं.

पणजोबांच्या मेडलवर ‘111 महार’ आहे. महार रेजिमेंट तर 1941 ची. मग हे मेडल बनावट आहे का? एका जाणकाराने तसं सांगितलं.
— मिरज

त्या जाणकाराला माझा नमस्कार सांगा. मेडल खरं असायला काहीच हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती, ती पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडल्यावर पुन्हा उघडली आणि 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली. युद्ध झालं, गरज सरली, थोड्याच वर्षांत पलटण मोडली. 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली ती महार रेजिमेंट नवी. त्यामुळे पणजोबांचा कागद आजच्या रेजिमेंटकडे असेलच असं धरून बसू नका. पलटण 1917 ची, म्हणून 1914-15 चा तारा नसणार, तो शोधत बसू नका. ‘अफगाणिस्तान 1919’ अशी पट्टी असलेलं मेडल आहे का ते बघा. आणि मिरज हे संस्थान होतं, तेव्हा मूळ गाव संस्थानी हद्दीत की इंग्रजी मुलखात हे आधी पक्कं करा. दप्तर कुठे शोधायचं ते त्यावर ठरेल. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या पाहता येतं. तिथे माणसाचं नाव टाकू नका, पलटणीचं टाका.

मेडल तांब्यासारखं लाल आहे, चांदीचं नाही. पणजोबांना फसवलं का?
— कोरेगाव

नाही. ब्रिटिश वॉर मेडल शिपायांना चांदीचं आणि लेबर कोअर, फॉलोअर वगैरे फौजेबरोबर कामाला गेलेल्यांना ब्राँझचं दिलं. कडेवर शिपायाऐवजी कुली, भिस्ती असं काही असेल. तोही लढाईवरच गेलेला माणूस आहे. उलट चांदीची मेडलं दुष्काळात सोनाराकडे मोडली गेली आणि ब्राँझची घरात राहिली.

खंडेनवमीला आम्ही बिल्ले तलवारीसोबत पूजेला मांडतो. त्याआधी चिंच आणि पितांबरीने लख्ख करतो. एक गृहस्थ विकत मागतायत. काय करावं?
— वाई

पूजेला जरूर मांडा. चिंच आणि पितांबरी आजपासून बंद. दरवर्षी घासून घासून कडेवरची ओळ जाते, आणि ती गेली की बिल्ला नुसती चांदी उरतो. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, फीत धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. विकायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. पण विकलंच तर आधी तिन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि एकाच माणसाचे बिल्ले सुटे सुटे देऊ नका. तो गृहस्थ नुसतं एकच मागत असेल तर नंबर आणि पलटण तो तुमच्याआधी वाचून बसलाय असं समजा.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवणाऱ्यांनी बिल्ल्याच्या तोंडावरच्या राजाचे फोटो पाठवू नयेत. एका युद्धाच्या मेडलांवर राजा सगळ्यांचा एकच असतो. कडेचे पाठवा.